अडुसष्ट पायऱ्या

सावंगीच्या दवाखान्यातून गुलाब थूल बाहेर पडला, त्या दिवशी त्याचे वजन सेहेचाळीस किलो भरले. आत नेले तेव्हा अठ्ठावन्न होते. तेरा दिवसांत गेलेले हे बारा किलो मुख्यतः मांड्यांतून आणि छातीवरून गेले होते, हे त्याला वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर कळले. एकवीस पायऱ्या उतरताना तो दोनदा कठडा धरून थांबला. उतरतानाही थांबावे लागते, ही माहिती त्याला नवीन होती.

२००९ सालच्या सप्टेंबरची पंचवीस तारीख होती. स्वाइन फ्लूचे नाव पुण्याहून निघून पेपरांतून, टीव्हीवरून आणि शेवटी माणसांच्या घशांतून वर्धा जिल्ह्यात पोहोचले होते. देवळी तालुक्यातल्या पिंपळधरीत ते गुलाबच्या नावाने पोहोचले.

निघण्याआधी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला होता.

"हे खाली पांढरं दिसतं ना, ते अजून आहे. विषाणू गेला, पण त्यानं केलेलं नुकसान भरून यायला सहा आठवडे लागतील. कदाचित जास्तच."

"म्हंजे मी आता कोनाले लावत नाई?"

"नाही. ताप जाऊन आठ दिवस झाले. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही."

"हे कागदावर लेहून द्या."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि लिहून दिले. मग विचारले, "काम काय करता?"

"ग्रामपंचायतीचे नळ सोडतो."

"मग हलकंच आहे."

"टाकीवर चढा लागते. पावडर टाकाले."

"किती उंच?"

"अडुसष्ट पायऱ्या."

बाईंनी पेन खाली ठेवले. "सहा आठवडे नाही. त्यानंतर हळूहळू. बोलता बोलता दोन मजले चढता आले, तरच." मग त्यांनी प्लॅस्टिकचे एक यंत्र त्याच्या हातात दिले. त्यात तीन नळ्या आणि प्रत्येक नळीत एक रंगीत गोळी होती. "फुंकायचं नाही, ओढायचं. दिवसातून चार वेळा."

त्याने तिथेच ओढून पाहिले. पहिली गोळी बोटभर उचलली गेली आणि परत पडली.

एस.टी.त तो तोंडाला मास्क लावून मागच्या तीनजणांच्या सीटवर बसला. बायको तानाबाई शेजारी बसली. पुढच्या दोन्ही सीटवरची माणसे सालोडच्या फाट्याआधीच उठून दांड्याला लटकली. इतकी मोकळी जागा त्याला एस.टी.त आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. तो खिडकीला डोके टेकून झोपला.

गावात शिरताना शेजारची आनंदाबाई कुंपणाच्या तुराट्यांपलीकडे उभी होती. पदर नाकावर होता, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी होती.

"आला का बापा गुलाब? तिथूनच बोलजो. लय वाळला रे तू."

"हो मावशी."

"लोक म्हनून राह्यले का तू डुकराचं खाल्लं होतं."

"मावशी, डुकराचं खाऊन होत नाई तो. कोनाच्यातरी खोकल्यातनं आला."

"मंग कोनाच्या?"

"तेनं नाव नाई सांगतलं," गुलाब म्हणाला. एवढ्या बोलण्याने त्याला धाप लागली.

*

गुलाब दहावी पास होता. त्याहून जास्त त्याच्या कामी आले होते ते पाण्याच्या कामाचे वर्ध्याला झालेले पाच दिवसांचे प्रशिक्षण. तिथे शिकवलेले त्याने बाकीच्यांपेक्षा अधिक मनावर घेतले होते. पन्नास हजार लिटरच्या टाकीला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, अडीचशे ग्रॅम. ती बकेटीत कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची, चुना खाली बसला की वरचे नितळ पाणी कॅनमध्ये घ्यायचे. टाकीवर जाऊन झाकण उघडायचे, ओतायचे, आणि अर्ध्या तासानंतरच नळ सोडायचा. मग गावाच्या शेवटच्या नळाचे पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन त्यात क्लोरीन दाखवणारे ओ.टी.चे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर ठीक. नऊ वर्षे त्याने हेच केले होते आणि या नऊ वर्षांत पिंपळधरीत हगवणीची साथ आली नव्हती. या गोष्टीचे श्रेय गाव हनुमानाला देत असे. गुलाबची त्याला हरकत नव्हती.

शेवटचा नळ वॉर्ड तीनमध्ये, बौद्ध वस्तीत होता, म्हणजे गुलाबच्याच दारासमोर. पाइपलाइन टाकताना ती वस्ती सर्वांत शेवटी धरली गेली होती, आणि तपासणीसाठी शेवटचाच नळ लागतो. त्यामुळे ओ.टी.ची बाटली त्याच्या घरातल्या कोनाड्यात असे.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी त्याने ती काढली. नळीत पाणी घेतले, थेंब टाकले, नळी उजेडात धरली.

तानाबाई विळा घेऊन सोयाबीनच्या सवंगणीला निघाली होती. परत आल्यापासून टोळीने तिला घेतले नव्हते. आज घेणार होते, पण तिची पात वेगळी, टोकाची राहणार होती.

"काय पाहून राह्यले एवढं?" तिने विचारले.

"पिवळं येत नाई."

"मंग?"

"मंग पावडर पडून नाई राह्यली."

"पुंडलिकराव तं रोज बकेट घेऊन जाते टाकीवर. म्या पाह्यलं. रिकामी घेऊन येते."

तेही गुलाबने पाहिले होते. अंगणातून टाकी दिसत असे, जिना मात्र पलीकडच्या बाजूला होता. पंचायतीचे शिपाई पुंडलिकराव भरली बकेट घेऊन टाकीमागे जात आणि काही वेळाने रिकामी घेऊन येत. एका चाचणीवर निष्कर्ष काढायचा नसतो, म्हणून त्याने तीन दिवस तीन चाचण्या केल्या. तिन्ही वेळा नळीतले पाणी पाण्यासारखेच राहिले. बाटलीतले द्रावण खराब झाले असेल, ही शंका त्याने घरात उरलेल्या चिमूटभर पावडरीवर तपासली. द्रावण चांगले होते.

"पानी उकळून पेत जा," त्याने गल्लीत सांगितले. गल्लीने ऐकले. सरपण कोणाकडे नव्हते, म्हणून उकळले कोणी नाही.

*

घर ते ग्रामपंचायत चारशे वीस पावले होती. वाटेत तो तीनदा बसला. तिसऱ्यांदा हिरालालच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर. हिरालालने आतूनच हात हलवला. "गुलाब, ओटा नको भाऊ. आत्ताच पुसला." दुकानातला कापूर संपून चार दिवस झाले होते आणि नव्या मालाची वाट पाहणारे गिऱ्हाईक बाहेर उभे होते. गुलाब उठला आणि लिंबाच्या बुंध्याला टेकला.

पंचायतीच्या ऑफिसात सरपंचांच्या खुर्चीत मधुकरराव बसले होते. सरपंच त्यांची बायको सुलोचनाबाई होत्या. खुर्ची मात्र मधुकररावांना सवयीची होती. पुंडलिकराव दाराशी स्टुलावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. पन्नाशीचा जड माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

"अरे, तू काऊन आला?" मधुकरराव म्हणाले. "आराम कर ना लेका. मरता मरता वाचला."

"भाऊ, शेवटच्या नळाले क्लोरीन येऊन नाई राह्यलं. तीनदा पाह्यलं."

पुंडलिकरावांचा हात थांबला. मग पुन्हा घोटू लागला.

"रजिस्टर पाय," मधुकररावांनी वही पुढे सरकवली. रोजच्या तारखेसमोर पुंडलिकरावांच्या वळणदार अक्षरात 'पिवळा' असे लिहिलेले होते. एकही दिवस सुटला नव्हता.

"हे पुंडलिकरावनं लेहलं. मी नळी पाह्यली."

"म्हंजे मी खोटा?" पुंडलिकराव म्हणाले.

"मी नळीबद्दल बोलून राह्यलो."

त्याला खोकला आला. बराच वेळ आला. तो थांबेपर्यंत मधुकररावांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली होती.

"हे पाय गुलाब. तू चांगला मानूस हायेस. पन हा खोकला घेऊन तू टाकीचं झाकन उघडशीन, तं गाव पानी पेईन का?"

गुलाबने पॉलिथिनमधला कागद काढून टेबलावर ठेवला. मधुकररावांनी तो हात न लावता वाचला.

"हे डॉक्टरचं झालं. लोकाईच्या मनाचं सर्टिफिकेट कोन देईन? त्यापरीस असं कर. नाल्या काढाचं काम हाये. खाली-खालीच. चढा नाई लागत, पान्याले हात नाई लागत. महिन्याच्या मीटिंगमंधी ठराव घेतो. नळाचं पुंडलिकराव पाहतीन."

नाल्या पिंपळधरीत एकाच वस्तीतली माणसे काढत आली होती. गुलाबचा बाप काढत असे. त्याने तीस वर्षांपूर्वी फावडे ठेवून गवंड्याच्या हाताखाली जाणे पसंत केले होते, आणि गुलाबच्या हातात नळाची चावी आली त्या दिवशी त्याने गल्लीत साखर वाटली होती. हे मधुकररावांना ठाऊक होते. गावात सगळ्यांनाच ठाऊक होते. ते बोलायची गरज नव्हती.

"ठराव सहा आठवड्यानं घ्या," गुलाब म्हणाला.

"आन् सहा आठवड्यानं काय होते?"

"मी चढतो."

*

चढणे शिकण्यासाठी पायऱ्या लागतात. टाकीच्या जिन्याच्या फाटकाला कुलूप होते आणि चावी पंचायतीत होती. म्हणून त्याने विहाराच्या पाच पायऱ्यांपासून सुरुवात केली. पहिल्या सकाळी पाच चढून तो ओट्यावर बसला आणि मनगट धरून घड्याळ लावले. नाडी एकशे बत्तीस. नव्वदवर यायला अकरा मिनिटे लागली. त्याने हे दोन्ही आकडे लिहिले नाहीत, लक्षात ठेवले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे लागली. तिसऱ्या दिवशी बारा. ते त्याला आवडले नाही, पण तीन दिवसांनी कशाचाच कल सांगता येत नाही, हेही तो जाणून होता.

दिवसातून चार वेळा तो गोळ्यांचे यंत्र ओढे. तानाबाई ज्वारीची आंबील, अंडी आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा पुढ्यात ठेवी आणि तो चव नसलेल्या तोंडाने औषधासारखे ते चावे. वास अजून आला नव्हता. टीसीएलचा वास येतो की नाही, हे तो नेहमी नाकाने आधी ओळखायचा. आता नाक काही सांगत नव्हते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात थ्रेशर गावाशेजारच्या खळ्यांवर आले. सोयाबीनचा भुसा हवेत तरंगू लागला. चार दिवस त्याला घराबाहेर पडता आले नाही. पाचव्या दिवशी, वारा पडलेला पाहून, तो विहारात गेला आणि पाच पायऱ्या सलग नऊ वेळा चढला-उतरला. हिरालाल सायकलवरून जाताना थांबला.

"काऊन रे, नवस बोलला का?"

"नाई."

"मंग पायऱ्या झिजवून राह्यला विहाराच्या?"

"झिजल्या तं नव्या बांधू," गुलाब म्हणाला. त्या वाक्यात त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला नाही, हे त्याच्या ध्यानात आले. हिरालालच्या आले नाही.

पण विहाराच्या पायऱ्यांत एक दोष होता. उतरताना श्वास परत मिळत असे. टाकी असा श्वास परत देत नाही. म्हणून रविवारी तो शाळेच्या स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याकडे गेला. अठरा पायऱ्या, कठडा नाही. पाठीला पाच लिटरची कॅन दुपट्ट्याने बांधली, पाण्याने भरलेली. चौदाव्या पायरीवर त्याच्या डोळ्यांपुढे काळे आले. तो बसला. उभे राहून उतरण्याची खात्री वाटेना, म्हणून तो बुडावर सरकत एकेक पायरी खाली आला. रस्त्याने कापूस वेचायला निघालेल्या बायांची टोळी चालली होती. सगळ्या थांबल्या. त्यांच्यात तानाबाई होती.

"वो तानाबाई, तुया पोरगा पाय कसा घसरगुंडी खेळून राह्यला," एकीने म्हटले. बाया हसल्या.

तानाबाई हसली नाही आणि चिडलीही नाही. तिने ओटीला बांधलेला वेचणीचा पालव सोडून दुसरीच्या हातात दिला, जिन्यापाशी आली, कॅन त्याच्या पाठीवरून सोडली आणि तोंड उघडून अर्धे पाणी मातीत ओतून टाकले.

"अर्ध्यानं चढा," ती म्हणाली. "आठ दिवसानं भरजा." आणि टोळीमागे निघून गेली.

*

दिवाळीच्या पुढल्या आठवड्यात वॉर्ड तीनमध्ये हगवण सुरू झाली. दोन घरे, मग चार. आनंदाबाईच्या नातीला देवळीला नेऊन सलाइन लावावे लागले. आरोग्य केंद्राचा माणूस येऊन गेला, पंचायतीचे रजिस्टर पाहून गेला. रजिस्टरात सगळे पिवळे होते. गावाने आपला निष्कर्ष काढला. रोग गुलाबच्या वस्तीतून उठला होता, आणि गुलाब तिथेच राहत होता. आता लोक नळ सोडून जुन्या विहिरीवर जाऊ लागले. ती अर्धा मैल दूर होती आणि तिच्यात चिमण्या मरून पडत.

नोव्हेंबरच्या चार तारखेला मधुकरराव गिरडला गेले होते. गुलाब त्यांच्या वाड्यामागच्या परसात गेला. सुलोचनाबाई सुपात मूग पाखडत होत्या. त्याला पाहताच त्यांनी पदर नाकावर घेतला.

गुलाबने नळी, बाटली आणि कागदाची पुडी न्हाणीच्या ओट्यावर ठेवली आणि मोजून दहा पावले मागे गेला.

"ताई, मी हात नाई लावत. तुमीच करा. तुमच्याच नळाचं पानी घ्या."

"मले काय समजते त्याच्यातलं?"

"थेंब मोजता येते ना? पाच टाका."

सुलोचनाबाईंनी सूप खाली ठेवले. नळीत पाणी घेतले, पाच थेंब टाकले. त्यांचे ओठ मोजताना हलत होते.

"काय दिसते?"

"काईच नाई."

"आता लोट्यात पानी घ्या, पुडीतली पावडर चिमूटभर टाका, हालवा, आन् तेच्यातलं घ्या."

दुसऱ्यांदा नळीतले पाणी हळदीसारखे पिवळे झाले, मग केशरीकडे गेले. सुलोचनाबाई बराच वेळ ती नळी धरून उभ्या राहिल्या. टाकीला सर्वांत जवळचा नळ त्यांचाच होता.

"म्हंजे आमच्याबी घरी?"

"हो."

"पुंडलिकराव टाकत नाई का मंग?"

"ते मी पाह्यलं नाई. जे पाह्यलं नाई ते नाई सांगत."

"आन् तुमचा खोकला?"

"खोकला हाये. आजून महिनाभर राहीन. तेच्यात रोग नाई आता. कागद हाये माह्यापाशी. खोटं वाटत असन तं तानाबाईले पाहा. चाळीस दिवसापासून एका खोलीत झोपते, एका तांब्यानं पानी पेते. तिले शिंक नाई आली."

सुलोचनाबाईंनी नळी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "ते गिरडहून आले का सांगतो त्याईले."

"ताई, टाकीची चाबी कोनाच्या नावानं हाये?"

प्रश्न साधा होता. सरपंच झाल्यापासूनच्या साडेतीन वर्षांत त्यांना तो कोणी विचारला नव्हता.

"माह्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "शनवारी सकाळी. सगळ्याईसमोर. पावडर टाकून खाली आले तं काम तुमचं. मधातून वापस आले, तं नाल्याईचा ठराव मी सही करन. मंजूर?"

"मंजूर," गुलाब म्हणाला. त्याच्या हिशेबाने शक्यता सत्तर टक्के होती. ती त्याने सांगितली नाही.

*

सात नोव्हेंबरला पहाटे थंडी होती आणि वारा नव्हता. गुलाबने टाकीखाली बसून बकेटीत पावडर कालवली, चुना बसू दिला, नितळ पाणी कॅनमध्ये घेतले. कॅन पूर्ण भरली. साठ-सत्तर माणसे अंतर राखून उभी होती. काहींनी रुमाल बांधले होते. मधुकरराव बायकोशेजारी होते आणि तिच्याकडे पाहत नव्हते. सुलोचनाबाईंनी स्वतः फाटकाचे कुलूप काढले आणि वरच्या झाकणाची चावी जमिनीवर ठेवली. गुलाबने ती उचलली.

टाकीच्या जिन्याला दर बावीस पायऱ्यांवर एक कट्टा होता. शेवटच्या दोन पायऱ्या त्यापुढे. पूर्वी तो हे सगळे चार मिनिटांत चढत असे. आज त्याने ठरवले होते की दोन पायऱ्यांना एक श्वास, ओठ शिट्टीसारखे करून सोडायचा, आणि घाई सुचली तर थांबायचे.

पहिल्या कट्ट्यावर तो नऊ मिनिटांत पोहोचला. कठड्याला टेकून नाडी धरली आणि खाली पाहिले. कट्ट्यावर खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या पडल्या होत्या. चाळीस-पन्नास असतील, काही उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. कठड्याच्या कडेवर पांढरा थर होता आणि तिथून एक पांढरा ओघळ टाकीच्या खांबावरून मागच्या बाजूला थेट खालपर्यंत गेला होता. ओघळ जिथे जमिनीला लागत होता, तिथले गाजरगवत खाटेएवढ्या जागेत जळून गेले होते. बाकी सगळीकडे ते कमरेएवढे हिरवे होते.

वरच्या पायऱ्यांवर कबुतरांची विष्ठा सारखी पसरलेली होती. तिच्यावर पाऊल कोणाचेच नव्हते.

नाडी शंभरावर आली. तो उठला.

दुसऱ्या बावीस पायऱ्यांनी अकरा मिनिटे घेतली. मांड्या थरथरत होत्या. कॅनचा दुपट्टा खांद्यात रुतला होता. खालून कोणीतरी म्हणाले, "बसला." दुसऱ्याने म्हटले, "नाई, उठला." तिसरा टप्पा त्याला नंतर नीट आठवला नाही. त्याला आठवले ते एवढेच की एकसष्टाव्या पायरीवर तो आकडा विसरला आणि आकडा आठवेपर्यंत पाऊल उचलायचे नाही, असे त्याने ठरवले.

वर पोहोचल्यावर खोकला आला. तो झाकणापासून दूर, कठड्याकडे तोंड करून बसला आणि पूर्ण खोकून घेतले.

"तोंड बांधलं का रे?" खालून मधुकररावांचा आवाज आला.

मास्कची गरज नव्हती. पण वाद घालायला श्वास लागला असता आणि मास्क बांधायला लागत नव्हता. त्याने मास्क बांधून हात वर केला.

झाकणाच्या कुलपावर कोळ्याचे जाळे होते, जुने, धुळीने जाड झालेले. चावी तिसऱ्या प्रयत्नाला फिरली. त्याने झाकण उचलले, कॅन ओतली, झाकण लावले, कुलूप घातले. घड्याळ पाहिले. जमिनीपासून एकतीस मिनिटे झाली होती.

*

तो उतरला तेव्हा गर्दी पांगून पंचायतीच्या ओट्याकडे गेली होती. मधुकररावांनी कोणाला तरी चहा सांगितला होता. फाटकापाशी फक्त पुंडलिकराव उभे होते. त्यांनी जळलेल्या गवताकडे पाठ केली होती.

गुलाब शेवटच्या पायरीवर बसला.

"गुडघे नाई देत साथ," पुंडलिकराव म्हणाले. "बावीसच्या वर डोये फिरतात. एकदा वाटलं का पडलोच."

"सांगाचं होतं."

"कसं सांगू? मधुकररावनं भरवशानं देल्लं काम. तू तं मरूनच राह्यला होता तिकडे. म्या म्हटलं दोन-चार दिवसाचा प्रश्न हाये." त्यांनी नाक पुसले. "मंग रोज एक दिवस वाढत गेला."

"सत्तावन्न दिवस."

"आनंदाबाईची नात..."

"वाचली ते. पन ते सलाइननं वाचली, आपल्यानं नाई."

पुंडलिकरावांनी मान खाली घातली. गुलाबला त्यांची कीव आली नाही असे नाही, पण कीव हा त्या वेळी त्याच्यापुढचा प्रश्न नव्हता. पाच लिटर पाणी पाठीवर घेऊन रोज अडुसष्ट पायऱ्या चढण्याइतकी छाती त्याच्यात अजून आलेली नव्हती. आज ती एका दिवसापुरती आली होती. हे त्याला गावातल्या कोणाहीपेक्षा नेमके ठाऊक होते.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "सरपंचबाईले आजच सांगा. तुमच्या तोंडानं. संध्याकाळपर्यंत नाई सांगतलं तं मी सांगतो."

"आन् दुसरी?"

"भरली कॅन रोज बावीसपर्यंत तुमी आनजा. तेवढं तुमाले जमते. वर मी नेतो."

पुंडलिकरावांनी मान वर केली. "माह्यासंग काम करशीन तू?"

"दुसरं कोनी हाये का?"

अर्धा तास झाल्यावर गुलाबने व्हॉल्व्ह फिरवला. पाइपात हवा घुरघुरली आणि चौकातल्या नळाला पाणी आले. बाया आपापल्या दारांत घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी पुढे आले नाही. पाणी सिमेंटवर पडून नालीत वाहू लागले. गुलाबने घड्याळ पाहिले. तीन मिनिटे. पाच. बोलून पटणारी गोष्ट नव्हती, आणि जुनी विहीर अर्धा मैल दूर होती. तो तिच्यावर विसंबून होता.

सातव्या मिनिटाला आनंदाबाई आली. पुरचुंडी अजून गळ्यात होती. तिने घागर नळाखाली सरकवली आणि कंबरेवर हात ठेवून, त्याच्याकडे न पाहता बोलली.

"वास येऊन राह्यला पावडरचा."

"येते का?" गुलाबने विचारले.

"नाकात जाते. बरेच दिवसानं आला." घागर भरली. तिने ती बाजूला करून दुसरी लावली. मागून आणखी दोघी निघाल्या होत्या. "विहिरीवर जाऊ जाऊ हात तुटून राह्यले बापा. उद्या किती वाजता सोडशीन?"

"सहाले."

"पक्कं?"

"पक्कं."

सहाला नळ सोडायचा तर साडेपाचला पावडर टाकीत पडायला हवी. चढायला एकतीस मिनिटे. चुना बसायला तीस. घरापासून इथे यायला, आता एकदाच बसावे लागत होते, तरी दहा. त्याने मनात उलटी मोजणी केली आणि फाटकाकडे वळून पाहिले. पुंडलिकराव सुलोचनाबाईंच्या घराच्या दिशेने निघाले होते, पट्टे बांधलेल्या गुडघ्यांवर, हळूहळू.

"पुंडलिकराव," त्याने हाक मारली. ते थांबले. "उद्या सव्वाचारले येजा."